सोन्याच्या नादात चुंबक भंगारात

नागपुरात बर्डीवर माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दर शनिवारी एक कबाडीवाला येतो. मदरबोर्डचा भाव वेगळा, वायरचा वेगळा, रॅमचा सगळ्यात वर. रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी तो उजेडाकडे धरून बघतो, कडेचे सोन्याचा मुलामा दिलेले दात कोणी आधीच कापून तर नाही घेतले! हार्ड डिस्क मात्र न बघता पोत्यात. "ते ॲल्युमिनियममध्ये जाते, भाऊ."

सोन्याचं वेड त्यालाच आहे असं नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्यानं व्हिडिओ पाहून माझ्याच दुकानातले रॅमचे दात कापून नेले अन् गच्चीवर तेजाबात टाकले. तांबडा धूर निघून राहिला, ताई खालून ओरडून राहिली. हाती काय आलं, तर ग्लासच्या तळाशी पापुद्रे, चिमटीत धरले की फुटणारे. त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात; खाली निकेल, त्याखाली तांबं. उरलेलं हिरवं पाणी पठ्ठ्यानं मोरीत ओतलं. मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत. सराफ्यातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण त्यांचं भांडवल परात अन् पाणी.

भंगारात सोनं नाही असं मी म्हणत नाही. टनभर जुन्या मोबाईलमध्ये जेवढं सोनं असतं तेवढं खाणीतल्या टनभर दगडात स्वप्नातही मिळत नाही. पण ते काढायचं तर पसारा केवढा! टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपाननं सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं अन् वर ६२ लाख मोबाईल गोळा केले, तेव्हा ३२ किलो सोनं हाती आलं. गच्चीवरचं काम नाही ते.

मला बोलायचंय ते पोत्यात गेलेल्या हार्ड डिस्कबद्दल. उघडून बघा एखादी. चकतीशेजारी जो दांडा हलतो त्याच्या बुडाशी चंद्रकोरीसारखे दोन चकचकीत चुंबक असतात. माझे सगळे पेचकस अशाच एका चुंबकावर लटकलेत. दोन चुंबकांमध्ये बोट सापडलं की माय आठवते. हा निओडिमियमचा चुंबक; निओडिमियम म्हणजे रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातूंपैकी एक. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये याच जातीचा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये चीननं रेअर अर्थ धातू अन् त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा आपल्या गाड्यांच्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अन् इथं आपण तोच चुंबक ॲल्युमिनियमच्या भावात घालवून राहिलो. डिस्क मशीनमध्ये भरडली की चुंबकाचा चुरा होतो, तो लोखंडाला चिकटतो, भट्टीत जातो, वितळलेल्या धातूवरच्या मळीत संपतो.

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आले. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना रिसायकलरकडून कचरा रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, पण ते निघतं चारच धातूंवर: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. मग चुंबक वेगळा काढायला कोणाला पडलीय? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अशाच दुर्मिळ खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. चांगलं केलं. पण पैसा कारखान्यांना. कारखान्यापर्यंत माल नेतो कोण? माझा कबाडीवाला. त्याला अडाणी, प्रदूषण करणारा म्हणून झोडपणाऱ्यांचा मला राग येतो. तेजाब त्याच्या हातून सोडवा, पण गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. चुंबकाला किलोमागे भाव लावा, महिन्याभरात नागपुरातली एक डिस्क न उघडता जाणार नाही.

परवा शनिवारी मीच तीसेक डिस्क उघडल्या, चुंबक बिस्किटाच्या डब्यात भरून कबाडीवाल्यापुढे ठेवले. त्यानं एक उचलला तर चुंबक थेट काट्याच्या लोखंडी मापाला जाऊन बसला. ओढून काढता काढता तो हसला. "याला भाव नाही भाऊ. एक घेऊ का, सायकलच्या दुकानात छर्रे उचलायला देतो भावाला."

दिला. बाकी डबा काउंटरखाली पडलाय. घेणारा कोणी ठाऊक असेल तर खाली लिहा.