सायप्रसची फाळणी आणि वाढत्या लोकसंख्येची थाप

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाबद्दलचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: बेटावर तुर्क मुसलमानांची संख्या वाढत गेली, ते उत्तरेत एकवटले, पुरेसे बळ आल्यावर 1974 मध्ये त्यांनी तुर्कस्तानला बोलावून उत्तर भाग तोडून घेतला, आणि आज तिथे सगळे तुर्कस्तानातून आणलेले लोक राहतात. सोबत नकाशा: वरचा भाग लाल, खालचा निळा. नकाशा खरा आहे. त्यामागची कहाणी मात्र जवळपास प्रत्येक वाक्यात चुकली आहे.

आधी संख्येचेच घेऊ. ब्रिटिशांनी 1878 मध्ये बेटाचा कारभार हाती घेतला आणि 1881 मध्ये शिरगणती केली. तेव्हाच्या 1 लाख 86 हजार लोकांत मुसलमान साधारण 45 हजार, म्हणजे 24 टक्क्यांच्या थोडे वर. 1946 पर्यंत हा वाटा 18 टक्क्यांवर आला होता. 1960 मध्ये बेट स्वतंत्र झाले, तेव्हाही तो 18 टक्केच होता आणि ग्रीक सायप्रसवासी 77 टक्के होते. म्हणजे ऐंशी वर्षांत वाटा घटला. 1923 मध्ये तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या लोझान तहानंतर तुर्की नागरिकत्व पत्करून अनेक कुटुंबे अनातोलियाला, म्हणजे तुर्कस्तानच्या मुख्य भूमीवर, निघून गेली, हे त्याचे एक कारण. ‘वाढत गेले’ म्हणणाऱ्याने निदान हे तीन आकडे तरी पाहायला हवे होते.

ते उत्तरेत एकवटले होते का? मुळीच नाही. 1960 मध्ये शंभरावर गावांत दोन्ही समाज एकत्र राहत होते. पाफोस, लिमासोल, लार्नाका या दक्षिणेकडच्या शहरांत तुर्कांचे मोहल्ले होते. उलट आज लाल दाखवलेल्या भागातल्या किरेनिया आणि मॉर्फू या गावांत ग्रीकांचीच बहुसंख्या होती. फामागुस्ताच्या तटबंदीच्या आत तुर्क, तर बाहेरच्या वरोशात ग्रीक. बेटावर ‘लिनोबांबाकी’ नावाचा एक गटही होता. शब्दाचा अर्थ जवस आणि कापूस यांचे मिश्र कापड, कारण ही माणसे चारचौघांत मुसलमान आणि घरात ख्रिस्ती रीत पाळत. अशा बेटावर उत्तर-दक्षिण रेघ ओढायला जागाच नव्हती.

माणसे आपल्या गावांतून उठली ती भीतीने. नोव्हेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी राज्यघटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. त्यांतून तुर्कांचे अधिकार कमी होणार होते. डिसेंबरात दंगली पेटल्या आणि सुमारे 25 हजार तुर्की सायप्रसवासी घरे सोडून विखुरलेल्या वेढबंद वस्त्यांत गेले. राजधानी निकोसियाच्या नकाशावर दोन्ही समाजांना वेगळे करणारी हिरवी रेघ तेव्हाच पडली, 1974 च्या दहा वर्षे आधी. पुढच्याच वर्षी तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारतीय होते, ले. जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या डिसेंबर 1965 मध्ये सायप्रसमध्येच कामावर असताना वारले. आपल्याच सेनाधिकाऱ्यांनी जी आग आटोक्यात ठेवण्यासाठी कष्ट घेतले, तिचा असा खोटा इतिहास आपल्याकडेच पुढे ढकलला जावा, याचा मला मनापासून त्रास होतो.

‘तुर्कस्तानला बोलावले’ या वाक्यातून 15 जुलै 1974 ही तारीख गायब आहे. त्या दिवशी अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या पाठबळावर मकारिओस यांना उलथवण्यात आले. त्यामागे बेट ग्रीसला जोडण्याचा हेतू होता. पाच दिवसांनी तुर्की फौज उतरली. तुर्कस्तानने बेटाच्या स्वातंत्र्याची आणि घटनेची हमी घेतलेला देश या नात्याने ही कारवाई केल्याचे सांगितले. पण जुलै संपण्याआधीच बंड कोसळले होते, अथेन्समधली राजवटही गेली होती, आणि तरीही 14 ऑगस्टला दुसरी चढाई करून तुर्कस्तानने बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग घेतला. याचे समर्थन होऊच शकत नाही. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेला पळाले. 40 हजारांहून अधिक तुर्क उत्तरेला गेले, त्यांतले बरेच 1975 च्या व्हिएन्ना करारानंतर. 18 टक्के लोकांच्या नावावर 36 टक्के जमीन आली ती सैन्यामुळे. पाळण्यांचा, म्हणजे वाढत्या जन्मांचा, त्यात काही संबंध नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि यात अर्धे सत्य आहे. तुर्कस्तानातून वसाहतकरी आणले गेले, ग्रीकांच्या रिकाम्या घरांत बसवले गेले, आणि ती घरे गमावलेल्यांची तक्रार रास्त आहे. पण ‘सगळे’ नव्हेत. उत्तरेच्या प्रशासनाच्या 2011 च्या मोजणीत 2 लाख 86 हजार रहिवासी होते. त्यांतले निम्म्याहून जास्त बेटावर जन्मलेले, एक तृतीयांशाच्या वर तुर्कस्तानात जन्मलेले. ग्रीक सायप्रसवासी या मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत, वसाहतकरी त्याहून जास्त असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. तरीही एप्रिल 2004 च्या सार्वमतात याच उत्तरेने 65 टक्क्यांनी पुन्हा एकत्र येण्याच्या योजनेला होकार दिला. दक्षिणेत 76 टक्क्यांनी नकार दिला.

लाल रंगाखाली तुर्क नसलेली माणसेही आहेत. कोर्माकिटी गावात मॅरोनाइट ख्रिस्ती राहतात आणि त्यांचे वडीलधारे अजून आपली अरबी बोली बोलतात. कार्पास द्वीपकल्पावरच्या रिझोकार्पासोत काही शे ग्रीक 1974 नंतरही घर न सोडता राहिले. 2004 मध्ये तिथली त्यांची माध्यमिक शाळा पुन्हा उघडली.