नव्वद दिवसांचा तो मेसेज आणि आईचं पाठांतर

परवा रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला. "विमानतळावर मला काय विचारतील आणि मी काय सांगायचं, ते मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. मी पाठ करते." सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली बाई, पोरांना खरं बोलायला शिकवत. तिच्या भिशीच्या ग्रुपवर 'आई-बाबांना अमेरिकेत कायमचं नेण्याची सोपी युक्ती' नावाचा मेसेज आला होता. तोच मेसेज मला इथे न्यू जर्सीत त्याच आठवड्यात तिघांनी पाठवला.

मेसेज म्हणतो: आय-१३० (नातेवाइकाला कायमचं बोलावण्याचा अर्ज) भरा, मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीची वाट बघा, या नादाला लागू नका. आईवडिलांना टुरिस्ट व्हिसावर आणा. 'फक्त फिरायला आलोय' एवढंच बोलायला शिकवा. ९० दिवस गप्प बसा आणि ९१व्या दिवशी तिथूनच ग्रीन कार्डाचा अर्ज टाका, मग कोणी काही विचारू शकत नाही. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. मुक्कामाची मुदत उलटली तरी माफ. कार्ड आलं की दवाखाना सरकारचा. आणि सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेला पाय लावून आलं की कार्ड शाबूत.

ग्रीन कार्डवाल्या मुलाचं आधी उरकते. ते साफ चूक आहे. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो, तोही २१ वर्षं पूर्ण झालेला. आईचा वेगळा, वडिलांचा वेगळा. या नात्याला वार्षिक कोटा नाही, म्हणून भावंडांसारखी वर्षानुवर्षं रांग नाही. पण नागरिकत्व आधी हवंच.

आता ते ९० दिवस. ही आकडेमोड आली कुठून? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची वकिलातीतल्या अधिकाऱ्यांसाठी एक नियमपुस्तिका आहे. आल्यापासून ९० दिवसांच्या आत कोणी व्हिसाच्या हेतूशी न जुळणारं वागलं, तर त्याने आधी खोटं सांगितलं होतं असं गृहीत धरता येतं, असं त्यात २०१७ साली आलं. बस्स, एवढंच. ग्रीन कार्डाचा अर्ज तपासणारी यूएससीआयएस त्या आकड्याने बांधलेली नाही. ९१व्या दिवशी कसलंही कवच चढत नाही. अधिकारी विचारतो ते हेच, की दारात शिरताना तुमच्या मनात काय होतं आणि तुम्ही काय सांगितलंत. साताऱ्याचं घर विकून, एफडी मोडून, वर्षभराची औषधं घेऊन आलेल्या बाईने 'तीन महिने नातवंडांना भेटायला आले' असं सांगितलं असेल, तर ९१वा दिवस असो की १९१वा, उत्तर तेच राहतं.

आणि खोटं सिद्ध झालं तर काय, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ए)(६)(सी) काढून वाचा. व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर माणूस अपात्र ठरतो, आणि ती अपात्रता तीन किंवा पाच वर्षांची नाही, कायमची. माफीची तरतूद २१२(आय)मध्ये आहे. तिच्यासाठी अर्जदाराचा नवरा, बायको, आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं, आणि त्यांना कमालीचा त्रास होईल हे दाखवावं लागतं. मुलगा-मुलगी त्यात धरत नाहीत. माझे बाबा गेले, आजी-आजोबा कधीच गेले. माझ्या आईसाठी माफी मागायला कायद्याच्या लेखी माणूसच उरत नाही. मी नागरिक असून उपयोग शून्य. सत्तरीतल्या बाईला खोटं पाठ करायला लावायचं आणि उलटलं की तिला लेकीचं घर जन्मभर बंद, याला युक्ती म्हणायचं? मला हे वाचून संताप आला आणि अजून उतरलेला नाही.

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. रीतसर तपासणी होऊन आत आलेल्या आईवडिलांना मुलगा नागरिक असेल तर अमेरिकेतूनच अर्ज करता येतो, मुक्कामाची मुदत टळली असली तरी. खरंच भेटीला आल्या आणि इथे असताना पक्षाघात झाला, किंवा मागे भारतात नवरा गेला, अशांसाठी हा मार्ग आहे आणि तो योग्यच आहे. मन नंतर बदललं तर गुन्हा नाही. पण 'मुदत उलटली तरी माफ' हे देश न सोडेपर्यंतच. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा. आणि अर्ज चालू असताना आगाऊ परवानगीशिवाय भारतात गेलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. घरी कोणी अत्यवस्थ झालं तरी.

दवाखान्याचं म्हणाल तर मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, वय ६५ आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं. अमेरिकेत कधी नोकरी न केलेल्याला त्यातला पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) विकत घ्यावा लागतो. २०२५ साली त्याचा हप्ता महिना ५१८ डॉलर होता, पार्ट बीचे (डॉक्टरांचा खर्च) १८५ वेगळे. पहिली पाच वर्षं विमा तुमच्या खिशातून. आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही करून आईवडिलांची जबाबदारी सरकार घेत नाही, तुम्ही घेता.

'पाय लावून येणं' हेही खोटं. ग्रीन कार्ड अमेरिकेत घर करून राहणाऱ्यासाठी आहे. फेऱ्या मारूनही घर भारतातच दिसलं तर विमानतळावर कार्डावर प्रश्न येतो. शिवाय कार्डधारकाला भारतातली पेन्शन आणि एफडीचं व्याजही अमेरिकेच्या कर विवरणात दाखवावं लागतं. ज्यांना हिवाळा साताऱ्यात आणि उन्हाळा नातवंडांत काढायचा आहे, त्यांना टुरिस्ट व्हिसाच बरा. भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा मिळतो, एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं, आणि खरं तेच सांगायचं असतं.

आईला मी पाठांतराचा कागद पाठवला नाही. तिला कायमचंच यायचंय, म्हणून आय-१३० भरला आणि मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत होईल असं सांगितलं. खरी अडचण तिथे आहे. माझ्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. तिचा स्वतःचा जन्म घरी झाला, नोंदच नाही. नगरपालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि थोरल्या मामांचं प्रतिज्ञापत्र, एवढं जमवायचंय. मामा ८६ वर्षांचे आहेत. आई जन्मली ती रात्र आठवणारे आता तेवढेच आहेत, म्हणून येत्या सोमवारी रिक्षाने त्यांना नोटरीकडे न्यायचं ठरलंय.