समोरच्या बेटावर कोणीच का जात नाही?

आज सकाळी आमच्या सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कायाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीच्या, चौकशीच्या मधोमध, एक व्हिडिओ येऊन पडला. हा ग्रुप आम्ही पाच वर्षांपूर्वी हवाईतल्या माउई बेटावर जाताना काढला होता. चार कुटुंबे, सात मुले आणि एक आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढाच त्याचा पसारा. एरवी त्यावर विमानांच्या वेळा, कोणाला बोट लागते, कोणाच्या मास्कमध्ये पाणी शिरते, असलेच बोलणे चालते. आजच्या व्हिडिओत कुठल्याशा शहरातली एक बहुमजली इमारत काही सेकंदांत खाली बसते आणि धुळीचा लोट थेट कॅमेऱ्यापर्यंत येतो. त्याखाली टाळ्या वाजवणारे हात, ज्वाळा, आणि आमच्यातल्याच एका मित्राचे वाक्य: "एकदाचं बेचिराख करून टाका, म्हणजे कायमची कटकट मिटेल." त्या वाक्याला चार अंगठे मिळाले. त्यानंतर एकाने विचारले, "कायाक दोघांची घ्यायची की एकेकाची?"

शहर कोणते आणि बॉम्ब कोणाचा, हे मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिले की तुम्ही लगेच बाजू मोजायला बसाल आणि माझे म्हणणे तसेच राहून जाईल. तुमच्यापैकी प्रत्येकाबद्दल मला एवढी खात्री आहे की, समोर रडणारे मूल दिसले तर तुम्ही आधी त्याला उचलाल, त्याचा देश नंतर विचाराल. मग फोन हातात आला की आपल्याला होते तरी काय?

माउईची एक सकाळ आज दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. आम्ही मालाएआ बंदरातून पुरते उजाडायच्या आत मोलोकिनीला निघालो होतो. मोलोकिनी म्हणजे समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाची वर उरलेली अर्धी कड, चंद्रकोरीसारखी वाकलेली. दुपारी वारा खवळतो म्हणून तिथल्या बोटी सकाळीच सुटतात. माझ्या नवऱ्याला पाण्याची भीती वाटते आणि ती लपवण्यासाठी तो सगळ्यांना सूचना देत सुटतो. सासूबाई तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. त्यांनी लाइफ जॅकेटचा पट्टा तीनदा ओढून पाहिला, चौथ्यांदा मला ओढून पाहायला लावला, आणि मग शिडी घट्ट धरून पाठमोऱ्या पाण्यात उतरल्या. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ती आमच्या सगळ्यांच्या आधी पाण्यात होती, आणि पाचच मिनिटांत डोके वर काढून ओरडली, "आई, खाली कोणीतरी गातंय!"

मला वाटले, कानात पाणी गेले असेल. मी तोंडातली नळी नीट धरून कान पाण्याखाली नेले आणि मलाही ऐकू आले. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरत वर चढणारा आणि मग एकदम खोल घशात उतरणारा आवाज होता तो. महिना फेब्रुवारीचा होता. हंपबॅक देवमासे थंडीच्या दिवसांत अलास्काच्या बाजूने हजारो मैल पोहत माउईच्या आसपासच्या उथळ, कोमट पाण्यात पिल्लांना जन्म द्यायला येतात, आणि त्यांच्यातले नर गातात. मासा दूर असतो, दिसत नाही, पण पाणी त्याचे गाणे आपल्या हाडांपर्यंत आणून पोहोचवते. सासूबाई वर आल्या, मास्क कपाळावर सारला आणि एवढेच म्हणाल्या, "तोंड पाण्याबाहेर ठेवलं असतं तर हे कळलंच नसतं."

नंतर टॉवेलात गुंडाळून डेकवर बसलेल्या मुलीने समोर बोट दाखवले. तिथे एक लांबट, तांबूस, उजाड बेट होते. आमच्या आसपास डझनभर बोटी होत्या, तिकडे मात्र एकही नव्हती. तिने बोटीच्या कप्तानाला विचारले, "तिकडे कोणीच का जात नाही?"

तो म्हणाला, "तिथे आम्ही जवळजवळ पन्नास वर्षं बॉम्ब टाकले."

"कोणावर?"

"कोणावरच नाही. सराव म्हणून."

तिने थोडा वेळ विचार केला आणि पाण्याकडे बघत विचारले, "आणि हे गाणारे मासे तेव्हा कुठे होते?"

"इथेच," तो म्हणाला.

ते बेट कहोओलावे. घरी परतल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केला, हवाईत लष्करी कायदा आला आणि हे बेट लष्कराने ताब्यात घेतले. युद्ध १९४५ मध्ये संपले, बॉम्ब संपले नाहीत. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने ते नौदलाकडे गेले, आणि त्या आदेशात असे लिहिलेले होते की गरज संपल्यावर ते माणसांना राहण्याजोगे करून परत दिले जाईल. १९६५ मध्ये अणुस्फोटाच्या धक्क्याने जहाजांचे काय होते हे पाहण्यासाठी या बेटाच्या किनाऱ्यावर टीएनटी या स्फोटकाचा ५०० टनांचा ढीग रचून तो उडवला, आणि असे तीन वेळा केले. त्याचा खड्डा अजून तिथे आहे, समुद्राच्या पाण्याने भरलेला. १९६९ मध्ये न फुटलेला एक बॉम्ब चक्क माउईवर सापडला, कारण वरून पडणाऱ्या वस्तूला नकाशा वाचता येत नाही. जानेवारी १९७६ मध्ये नऊ माणसे बंदी मोडून त्या बेटावर उतरली आणि तिथून चळवळ पेटली. त्या चळवळीतला जॉर्ज हेल्म हा गायक पुढच्याच वर्षी, २६व्या वर्षी, किमो मिचेल या साथीदारासह त्या बेटाजवळच्या समुद्रात बेपत्ता झाला. बॉम्बफेक थांबली १९९० मध्ये.

मग साफसफाई. चाळीस कोटी डॉलर आणि दहा वर्षे. तरीही बेटाचा सुमारे एक चतुर्थांश भाग साफ झालाच नाही, आणि जमिनीखाली खोलवर तर जेमतेम दहावा हिस्सा तपासून झाला. आज तिथे परवानगीशिवाय बोट नेता येत नाही. स्वयंसेवक जातात, आखून दिलेल्या वाटेवरूनच चालतात आणि स्थानिक रोपे लावतात. बोकडांनी आणि मेंढ्यांनी त्या बेटाची माती बॉम्बच्या कितीतरी आधीच खरवडून टाकली होती, हेही खरे आहे. ठीक आहे, बोकडांचाही दोष मान्य.

ज्या बेटावर कोणी शत्रू नव्हता, ज्यावर एकही इमारत पाडायची नव्हती, ते साफ करायला ही गत. आणि आमचा मित्र सकाळी दात घासता घासता लिहितो, एकदाचं बेचिराख करून टाका. कायमची कटकट मिटेल म्हणे! मोलोकिनीच्या बोटीवर हाच मित्र माझ्या शेजारी बसला होता. त्यानेही ते "इथेच" ऐकले होते.

मला त्या कप्तानाचा आणखी एक शब्द सतत टोचतो, तो म्हणजे "आम्ही". "तिथे आम्ही बॉम्ब टाकले." परतीच्या वाटेवर त्याने आपली हकिकत सांगितली. त्याचे आजोबा फिलिपिन्सहून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आले, आजी जपानी मजुरांची मुलगी. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवसापासून घरात झडती होईल या धास्तीने आजीने आपल्या आईची सगळी पत्रे चुलीत घातली, कारण ती जपानी लिपीत होती. म्हणजे ज्या घरावर संशय घेतला गेला ते घरही त्याचे, आणि ज्यांनी बॉम्ब टाकले तेही त्याच्या दृष्टीने "आम्ही". त्याने सोयीचा अर्धा भाग उचलला नाही. विजयाच्या दिवशी आपण आणि चौकशीच्या दिवशी ते, असा हिशेब त्याने केला नाही.

आपण मात्र तो रोज करतो. मला इथे परदेशात येऊन अठरा वर्षे झाली. आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे की नावाचे स्पेलिंग दोनदा सांगताना आवाज किती मऊ करावा लागतो, विमानतळावर बाजूला बोलावले की पोटात कसा गोळा येतो, आणि बातम्यांत गोळीबार दिसला की गोळ्या झाडणारा आपल्यासारखा दिसणारा नसू दे, अशी प्रार्थना कशी आपोआप तोंडात येते. अशा माणसांनी दुसऱ्या कोणाचे घर कोसळताना अंगठे उचलावेत? त्या शहरातून आलेले कुटुंब आपल्याच इमारतीत राहते, त्यांची मुले आपल्या मुलांच्या वर्गात आहेत, आणि आज ती आई मुलाला सोडायला आली तेव्हा तिचा चेहरा कसा होता हे मी पाहिले आहे. तिचा फोन तिकडे लागत नव्हता. ती मला काही म्हणाली नाही. मीच चोरासारखी मान फिरवली, कारण माझ्या खिशात तो ग्रुप होता.

आता तुम्ही म्हणाल, काही युद्धे लादलेली असतात. असतात. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला शांततेचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही, हेही मी मान्य करते. पण आमच्या त्या ग्रुपमधल्या एकाही घरावर बॉम्ब पडलेला नाही. आम्ही कायाकची चौकशी करत होतो.

एवढे लिहून मी उठले, कामे केली आणि परत बसले. राग थोडा उतरला आहे, म्हणून त्या मित्राविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे, नाहीतर मीही सोयीचा अर्धा भागच उचलेन.

माउईवर हानाकडे जाणारा एक रस्ता आहे. सुमारे सहाशे वळणे आणि पन्नासहून अधिक पूल, आणि त्यातले बरेचसे एका वेळी एकच गाडी जाईल एवढ्या रुंदीचे. तिथे हॉर्न वाजवत नाहीत. समोरून कोणी येत असेल तर आपण थांबायचे, त्याला जाऊ द्यायचे, आणि तो जाताना अंगठा आणि करंगळी पसरून हात हलवतो. त्या दिवशी गाडी हाच मित्र चालवत होता. प्रत्येक पुलापाशी तो थांबला. आमची मुले मागे बसून मोजत होती की काका किती जणांना वाट देतात, आणि एकविसाव्या गाडीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे पीपीवाईच्या पायवाटेवर, बांबूच्या दाट बनात, माझ्या मुलाचा पाय मुरगळला. बांबू वाऱ्याने एकमेकांवर आपटून टक् टक् वाजत होते, पायाखाली चिखल, गाडी मैलभर मागे. नवरा सूचना देत होता. या मित्राने काही न बोलता पाठ वाकवली, तेरा वर्षांच्या थोराड मुलाला पाठीवर घेतले आणि गाडीपर्यंत आणले. वाटेत तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा स्वतःच्या गुडघ्यावर पडला, मुलाला लागू दिले नाही. तो व्रण अजून त्याच्या गुडघ्यावर आहे.

हा माणूस दुष्ट नाही, आणि तेच मला सगळ्यात जड जाते. दुष्ट असता तर मी ग्रुप सोडला असता आणि शांत झोपले असते.

म्हणून ही विनंती त्याला आहे, तुम्हालाही आहे, आणि दुपारपर्यंत तोंड मिटून बसलेल्या मलाही आहे. युद्धे आपल्या अंगठ्यांनी थांबत नाहीत, हे मला कळते. पण कोसळणारी इमारत पुढे पाठवू नका. पाठवायचीच असेल तर टाळ्यांशिवाय पाठवा. आणि त्या शहरातले कोणी तुमच्या ओळखीचे असेल तर आज संध्याकाळी त्यांचे दार वाजवा, घरचे सगळे सुखरूप आहेत का एवढे विचारा. मी उद्यावर ढकलणार होते. आता हे लिहिल्यावर ढकलता येणार नाही.

दुपारी मी ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. त्यात टॉवेलात गुंडाळलेली माझी मुलगी आहे, तिचे बोट समोर रोखलेले आहे आणि मागे ते तांबूस बेट आहे. खाली एक शब्दही लिहिला नाही. तासाभराने व्हिडिओ दिसेनासा झाला, चारही अंगठ्यांसकट. मित्राचा काही संदेश आला नाही. फोनही आला नाही. आत्ता, हे लिहीत असताना, त्याचा एकच प्रश्न आला आहे: या वर्षी हवाईतल्याच काउआई बेटावर वैलुआ नदीत उतरायचे तर काकू कोणाच्या कायाकमध्ये बसणार?

मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्याच्याच. तो पडला तरी मला पडू देणार नाही."