सुई तापवू नका, आधी अंगठा घासून वास घ्या

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय, तुम्हालापण आलंच असणार. 'आजीच्या पेटीतली जुनी प्लॅस्टिकची बांगडी, फणी, ब्रोच फेकू नका, ते बेकेलाइट आहे, परदेशात लाखाला जातं. सुई लाल करून टोचा, आत शिरली नाही तर खरं. पिवळट असून रेघा दिसल्या तर हस्तिदंत. हवाबंद डबीत ठेवा.' फेकू नका एवढं सोडलं तर बाकी सगळं अर्धवट नाहीतर चूक, आणि सुईचं तर सरळ धोक्याचं.

आधी सुईच घेऊ. बेकेलाइट म्हणजे जुन्या काळचं एक कडक प्लॅस्टिक, एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही म्हणून सुई शिरत नाही, इथपर्यंत ठीक. पण काच, हाड यांच्यातपण शिरत नाही की, मग ते सगळं काय बेकेलाइट? आणि खरं बेकेलाइट असलं तरी डाग पडतोच, म्हणजे ओळखायच्या नादात वस्तूची किंमत आपणच घालवायची. त्यात जुन्या पेट्यांत बऱ्याचदा निघतं ते काचकडं, म्हणजे सेल्युलॉइड, पूर्वी जपानहून बाहुल्या, बांगड्या यायच्या त्या याच्याच. कापसावर नायट्रिक अॅसिडची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला की हे बनतं, त्याला लाल सुई लावली तर भप्पकन पेटतं. टेबल टेनिसचे जुने बॉल कसे जळतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

त्यापेक्षा अंगठ्यानं जोरात घासा, गरम झालं की लगेच नाकाला लावा. कापराचा वास आला तर काचकडं. व्हिनेगरसारखा आंबट आला तर सेल्युलोज अॅसिटेट, म्हणजे अजून एक जुनं प्लॅस्टिक. कॉलेजच्या लॅबमधल्या बरणीतल्या बेडकासारखा उग्र फॉर्मालिनचा वास आला तर बेकेलाइटची शक्यता धरा. घासून नाही कळलं तर गरम पाण्यात वीस-तीस सेकंद धरून परत वास घ्या, पण दोऱ्यात ओवलेली माळ किंवा खडे चिकटवलेली वस्तू पाण्यात घालू नका, आणि बटणं दुधातल्या केसिनची असली तर ती पाणी पिऊन फुगतात. सिमिक्रोम नावाची पॉलिश पेस्ट कापडावर घेऊन घासली तर बेकेलाइट कुठल्याही रंगाचं असो, कापड पिवळं होतं, पण काळ्या वस्तूला आणि आधीच पॉलिश मारलेल्याला हे कधीकधी होत नाही. म्हणून एका टेस्टवर विसंबू नका, दोन-तीन करून बघा.

रेघांचं. हस्तिदंताची नक्कल म्हणून काचकड्यात मुद्दाम रेघा काढायचे, त्या सरळ, एका मापाच्या असतात. खऱ्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. आणि समजा खरं हस्तिदंतच निघालं तर खुशीत येऊन गिऱ्हाईक शोधू नका, भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर 1986 पासून आणि आफ्रिकेतून आणलेल्यावर 1991 पासून बंदी आहे.

हवाबंद डबी तर काचकड्याचा जीवच घेते. ते जुनं होताना अॅसिडची वाफ सोडतं, ती आत कोंडली की वस्तू चिरते, चिकट होते, आणि शेजारच्या वस्तूलापण ते लागतं, धातूची कडी असली तर हिरवी पडते. खानापूरकडच्या पावसात तर ओल मुरून अजून लवकर बिघडतं. वेगवेगळं ठेवा, कागदात गुंडाळून, वारा लागेल अशा जागी, उन्हात नको.

राहिलं लाखाचं. बेकेलाइटचं पेटंट लिओ बेकलँडनं 1909 मध्ये घेतलं, आणि दुर्मिळ म्हणाल तर तुमच्या कुकरची मूठ, जुन्या घरातले काळे गोल खटके हेपण त्याच घराण्यातले. पैसा मिळतो तो 1930 च्या आसपासच्या, हातानं कोरलेल्या, नाहीतर अनेक रंगांचे तुकडे जोडून केलेल्या बांगड्यांना. साध्या एकरंगी बांगडीला नाही. पांढरीशुभ्र बांगडी बेकेलाइटची म्हणून दाखवली तर जास्तच संशय घ्या, त्यातला पांढरा रंग वर्षांनी पिवळट होतोच. बेळगावच्या खडे बाजारात नाहीतर शहापुरात कुणी 'साहेबाच्या काळातली आहे' म्हणून भाव वाढवला तर आधी हातात घेऊन घासा, वास बघा, मग पाकिटाला हात घाला.