बाणेर नऊ हजार, कोथरूड साडेबारा: हा हिशोब जुळवून दाखवा

कुणीतरी एकदा स्पष्ट सांगा, पुण्यात फ्लॅटचा भाव नेमका कशाचा सांगतात? खोल्यांचा? जिन्याचा? लॉबीचा? की समोरच्याला किती कळतं, त्यावर ठरतो?

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, वाकडला भाड्यानं राहतो. दरवर्षी भाडं वाढतंय, म्हणून आता स्वतःचं घर बघायचं ठरलं. मी साताऱ्यात पतसंस्थेत काम करते, आकड्यांत दिवस जातो, त्यामुळे "ताई, तेवढं कुठं किती भाव आहे ते बघ ना" म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. औंध, बाणेर, कोथरूड, खराडी, कल्याणीनगर. वही आखली, फोन केले, सुट्टीच्या दिवशी स्वारगेटची विनावाहक एसटी पकडून साइटी पालथ्या घातल्या. आणि आज त्या वहीतला एक आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवायच्या लायकीचा नाही. संताप संताप झालाय नुसता.

बाणेरच्या एका साइटवर सांगितलं, नऊ हजार रुपये चौरस फूट. कोथरूडला सांगितलं, साडेबारा हजार. कुणीही म्हणेल बाणेर स्वस्त. आमचे मामा तर लगेच म्हणाले, "घेऊन टाका, कशाला विचार करताय!" मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाणेरचा नऊ हजार हा सेलेबलचा, म्हणजे जिना, लॉबी सगळं धरून सांगितलेल्या क्षेत्रफळाचा भाव. हजार फूट सेलेबल, म्हणजे नव्वद लाख. दाराच्या आत पाय ठेवायला मिळणार ६८० फूट, त्याला म्हणतात कार्पेट. भागाकार करा, १३,२३५ रुपये फूट पडतो. कोथरूडवाल्यानं सरळ कार्पेटचा भाव सांगितला होता, ७२० फुटांचे नव्वद लाख. तेवढ्याच पैशांत चाळीस फूट जास्त! चाळीस फूट म्हणजे आईच्या पलंगाची जागा आणि वर देवघर. आणि "स्वस्त" म्हणून आम्ही जाणार होतो बाणेरला.

हे बेकायदा आहे हो! बिल्डरांवर लगाम घालणारा रेरा कायदा २०१६ चा, तो राबवणारं आपल्या राज्याचं प्राधिकरण महारेरा २०१७ पासून सुरू आहे. विक्री कार्पेटवरच करायची असं त्यात लख्ख लिहिलंय. कार्पेट म्हणजे काय तेही लिहिलंय: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही. करारनाम्यात हे लोक कार्पेटच लिहितात, तिथं पकडले जातील ना. पण तोंडी भाव सांगताना सेलेबल, बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून), आणि आता नवीन निघालंय "युजेबल कार्पेट", ज्यात बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी दोन्ही घुसवलेल्या असतात. सहीच्या दिवसापर्यंत माणूस वेगळ्याच आकड्यावर स्वप्नं बघत राहतो.

बरं, फुटाचा भाव जुळवला तरी संपत नाही. एक इमारत बांधून तयार, भोगवटा प्रमाणपत्र हातात, तिथं जीएसटी शून्य. दुसरी अर्धवट, तिथं पाच टक्के. नव्वद लाखांवर साडेचार लाखांचा फरक, पण भाव सांगताना हे कुणाच्या तोंडातून निघत नाही. पाचाऐवजी एकच टक्का जीएसटी, ही सवलत ४५ लाखांपर्यंतच्या घराला. ही मर्यादा २०१९ मध्ये ठरली आणि आम्ही बघितलेल्या एकाही भागात त्या पैशांत दोन बेडरूम मिळत नाहीत. मग मुद्रांक शुल्क सात टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणीचे तीस हजार. त्याखाली फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), क्लब हाऊस, डेव्हलपमेंट चार्जेस, लीगल चार्जेस, दोन वर्षांचा आगाऊ मेन्टेनन्स. एका ठिकाणी तर उघड्यावरच्या पार्किंगचे अडीच लाख लावले होते. उघडं पार्किंग विकता येत नाही हे महारेरानं परिपत्रक काढून सांगितलंय. मी तसं म्हटल्यावर तो पोरगा म्हणतो, "मॅडम, सगळीकडं असंच चालतं." सगळीकडं चालतं म्हणून आम्ही अडीच लाख द्यायचे? कोण लागतोस तू आमचा?

आणि भागांची नावं! बाणेर म्हणून नेतात, गाडी सूसच्या पुढं जाते. कोथरूड म्हणून नेतात आणि चांदणी चौक ओलांडून भूगावात उतरवतात. सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्यांना त्यांचं नाव आहे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात. ते नाव सांगायला लाज वाटते, कारण त्या नावाला बाणेरचा भाव लागत नाही. मग तिथल्या इमारतीचा भाव बाणेरच्या रकान्यात पडतो, "बाणेरची सरासरी" तयार होते आणि तीच सरासरी दाखवून पुढच्या गिऱ्हाइकाला गंडवतात. पाण्याचं विचारा, उत्तर ठरलेलं: "कॉर्पोरेशनचं कनेक्शन येतंय." तोवर टँकर. टँकरचे पैसे मेन्टेनन्समध्ये, म्हणजे पुन्हा आमच्याच खिशातून, दर महिन्याला.

खरा भाव कळायचा मार्ग आहे, पण तो कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की महारेराच्या पानावर प्रकल्पाचा सर्व्हे नंबर मिळतो. तो नंबर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर टाकायचा. फुकट आहे. दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, उघडते आणि त्यात असतं: मोबदला (खरेदीची नोंदलेली किंमत), बाजारभाव (सरकारी मूल्यांकन), क्षेत्रफळ. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ नं गुणायचं. मी रात्री जेवणं झाल्यावर हेच करत बसले. बाणेरच्या त्याच इमारतीत, ६८० फुटांचाच फ्लॅट, वर्षाच्या आत ७९ लाखांना नोंदलेला. आम्हाला नव्वद सांगत होते! फोन करून विचारलं तर म्हणाला, "ते जुने रेट होते मॅडम, आणि वरचे वेगळे असतात." वरचे म्हणजे काय? रोख? म्हणजे आम्ही बँकेचं कर्ज काढणारे लोक ते वरचे कुठून आणायचे, पोत्यातून?

आमच्याकडं गुंठ्यानं जमीन विकतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, गोडोलीत तेवढाच आणि कोरेगावात तेवढाच. न शिकलेला शेतकरीसुद्धा त्यात फसत नाही. पण आता इथंही तेच लोण आलंय. वाढे फाट्याकडं एका साइटवर सहज चौकशी केली, तर पहिलंच वाक्य, "पुण्याच्या निम्म्या भावात बसतंय, ताई." पुण्याच्या कुठल्या भावाच्या? सेलेबलच्या की कार्पेटच्या? आणि इथं पतसंस्थेत, शाळेत, दुकानात काम करणाऱ्याला पुण्याच्या निम्मा पगार तरी मिळतो का? पुण्याशी तुलना फक्त भाव चढवायच्या वेळी. रस्त्याची, पाण्याची, पगाराची करताना पुणे कुणाला आठवत नाही. खोट्या आकड्याच्या निम्मा म्हणजेही खोटाच, आणि त्यावर शाहूपुरीपासून कोडोलीपर्यंत जमिनी चढत चालल्यात. माझ्यासोबत काम करणाऱ्या दोघीतिघींनी तर घराचा विषयच सोडून दिलाय.

नातेवाइकांनाही हात जोडून सांगते, लग्नात, बारशात "अमुक ठिकाणी इतका रेट चाललाय" म्हणून आकडे फेकू नका. कार्पेट की सेलेबल हे माहीत नसेल तर गप्प बसा. तुमच्या एका वाक्यानं माझा भाऊ टोकनचा चेक लिहायला बसला होता. दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करार केल्याशिवाय घेता येत नाही, हेही त्याला त्या दिवशी मीच सांगितलं. समोरचा वीस टक्के मागत होता.

मला एवढंच पाहिजे: एका कागदावर कार्पेट किती, मूळ किंमत किती, कर किती, पार्किंगसकट एकूण किती, ताबा कधी, आणि खाली सही-शिक्का. वाणीसुद्धा महिन्याच्या किराणा मालाचं बिल देतो. नव्वद लाख मागणाऱ्या एकाही ऑफिसातून मला असा कागद मिळालेला नाही. "या तुम्ही ऑफिसला, बसून बोलू," एवढंच. मी येणार नाही. कागद पाठवा.