‘आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं’

सतरा वर्षं झाली, सांगली-मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतोय. सीएंची ऑफिसं, दोन पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. यार्डातला सीपीयू उघडला की आतला पंखा पिवळाधमक असतो. ब्लोअर मारला की शर्टाला हळद. बायको म्हणते, दर महिन्याला बोहल्यावर चढून येता की काय.

या सतरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "आम्ही काहीच केलं नाही बघा, आपोआप झालं."

आमच्या लाइनीतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या वाक्याची रोज टिंगल चालते. की-बोर्डात चहा आपोआप गेला, पेनड्राइव्ह आपोआप वाकला, प्रिंटरमध्ये स्टेपलरची पिन आपोआप शिरली. पहिली आठ-दहा वर्षं मीही हसणाऱ्यांत होतो. आता हसवत नाही. का हसवत नाही ते लिहायचंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. प्रिंट निघेपर्यंत वाचा.

आधी हे, की बऱ्याच वेळा ते वाक्य खरंच असतं.

एका शाळेतले हेडक्लार्क. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, माणूस टापटीप, माउसखाली जुन्या कॅलेंडरचं पान चौकोनी कापून घातलेलं. त्यांचा कॉम्प्युटर रांगत होता. फोनवर मी नेहमीचं विचारलं, "बंद करून चालू केला का?" "अहो, रोज संध्याकाळी बंद करतो. भिंतीवरचं बटणसुद्धा." तिथं गेलो, टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखाखाली मशीन किती वेळ चालू आहे ते लिहिलेलं असतं. ४१ दिवस. मी काही न बोलता आकड्यावर बोट ठेवलं. काकांचा चेहरा पडला. त्यांनी शिपायाला हाक मारली, "सांग रे यांना, मी रोज बंद करतो का नाही?"

काका खरंच बोलत होते. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय त्यात आहे. शट डाऊन दाबलं की तुम्ही उघडलेल्या फायली बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, स्क्रीन यांसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) आहेत त्याच अवस्थेत डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी चालू केलं की तिथूनच पुढे. शटर ओढलं, कुलूप घातलं, पण दुकानात कालचा पसारा तसाच. म्हणून मशीन सकाळी पटकन उठतं, आणि म्हणूनच परवा अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच असतो. रीस्टार्ट दाबलं तर मात्र सगळं झाडून पुन्हा मांडलं जातं. म्हणजे शट डाऊनपेक्षा रीस्टार्टनं कॉम्प्युटर जास्त ‘बंद’ होतो. हे कुठल्या शहाण्या माणसाला आपलं आपण कळणार आहे? माझा धंदा असून मला कळायला दोन वर्षं लागली. ‘आयटीवाल्यांना रीस्टार्ट सोडून काय येतं’ असं म्हणणाऱ्यांनी आधी ते बटण नेमकं काय करतं ते बघावं.

तसंच एका सीए ऑफिसातलं. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सीएच्या ऑफिसात मोठ्यानं शिंकायची चोरी असते. एका मशीनवर एकही साइट उघडेना, प्रत्येक पानावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. तिथं आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी काम शिकणारी एक मुलगी बसायची. मी पोचेपर्यंत तिच्यावर खटला चालून निकालसुद्धा लागला होता: हिनं मोबाईल जोडला, हिनं कायतरी डाउनलोड केलं, हिनं व्हायरस आणला. मुलगी रडवेली झालेली. मी स्क्रीनचा उजवा कोपरा बघितला. तारीख १ जानेवारी, आणि साल पार मागचं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर-२०३२. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं त्याचं काम. तो संपला की मशीन आजची तारीख विसरतं. तारीख मागे गेली की ब्राउझरला वाटतं, समोरच्या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, आणि तो दारातच अडवतो. तीस-चाळीस रुपयांचा सेल. तो बदलला, तारीख लावली, पोर्टल उघडलं. सरांनी माझ्यासाठी चहा सांगितला. तिला कुणी काही म्हणालं नाही.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर फक्त बायकोला सांगितलीये.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेचं काम माझ्याकडे होतं. अहवाल, नोटिसा, इतिवृत्तं सगळं मराठीत, जुन्या फॉन्टमध्ये. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारं मराठी, विंडोजमध्ये २००० सालापासून आहे, सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ फॉन्ट तेव्हाच सोबत आला. पण आपली ऑफिसं त्यानंतर कितीतरी वर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांच्यावरच चालली, काही अजून चालतात. त्या फॉन्टांत गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. कृतिदेवात इंग्रजी ‘ई’च्या तोंडावर ‘म’. फॉन्ट काढला की मुखवटे गळतात आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकुराला काही झालेलं नसतं. फॉन्ट परत टाकायचा, झालं.

त्या संस्थेतल्या एका मॅडमचा कॉम्प्युटर हळू चालत होता. साहेब म्हणाले, फॉरमॅट मारा. मारला. डेटा आधी काढून ठेवला, नंतर परत टाकला, हिशोबाचं टॅली, प्रिंटर, अँटिव्हायरस सगळं लावलं, सही घेतली, निघालो. फॉन्ट टाकायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वार्षिक सभेच्या अहवालाची फाइल उघडली. ३८ पानांचा काला. त्यांनी मला फोन केला नाही. त्याच्या तीन महिने आधी दुसऱ्या एकाची फाइल उडाली होती, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की यापुढे ज्याच्या हातून डेटा जाईल त्याच्या पगारातून कापून घेईन. मॅडमना वाटलं, आपणच कायतरी दाबलं. त्यांनी कच्च्या प्रती पिशवीत घालून घरी नेल्या आणि भावाच्या कॉम्प्युटरवर रात्री बसून अहवाल पहिल्यापासून टाइप करायला घेतला. घरचं आवरून, पोरं झोपवून.

आठवड्यानं मी प्रिंटरसाठी गेलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "फाइल अशी का दिसते हो कधीकधी?" मला बघताक्षणी कळलं. फॉन्ट टाकला, दोन मिनिटं लागली असतील. ३८ पानं जशीच्या तशी समोर. त्यांची २९ पानं टाइप करून झाली होती. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

तेवढ्यात साहेब टेबलापाशी आले. "काय झालं होतं?"

मी म्हणालो, "काही नाही सर, विंडोजचं असतं असं. आपोआप होतं."

एएमसी, म्हणजे माझं वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायची होती.

म्हणून हे वाक्य ऐकलं की मला आता हसू येत नाही. मला माहिती आहे ते कुठून येतं. ज्या ऑफिसात काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असतो, तिथं सगळं आपोआपच होणार. आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांचं निम्मं काम म्हणजे डॉक्टरसारखी हकीकत घेणं. शेवटचं काय उघडलं होतं, काय दिसलं, त्यावर काय दाबलं. ती हकीकतच मिळाली नाही तर मी अंधारात ढेकळं मारतो आणि बिल तुमच्या नावावर चढतं.

एका व्यापाऱ्याकडे हे फार महागात पडलं. बिल म्हणून मेल आला, दिवाणजीच्या हाताखालच्या पोरानं जोडलेली फाइल उघडली. विंडोज मुळातच फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवतं. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे क्लिक करताच चालणारा प्रोग्राम) असेल तर दिसतं फक्त ‘बिल.पीडीएफ’. पोरानं क्लिक केलं, काही उघडलं नाही. परत केलं. थोड्या वेळानं डेस्कटॉपवरच्या फायलींची चित्रं एकेक करून पांढरी पडायला लागली. पोरानं काय केलं? मॉनिटर बंद केला आणि डबा खायला गेला. पाऊण तास. तेवढ्यात फायलींना कुलूप घालणारा तो व्हायरस नेटवर्कवरनं सर्व्हरच्या शेअर केलेल्या फोल्डरात शिरला, टॅलीचा डेटा गेला, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला कायमची लावून ठेवलेली होती, तीही गेली. सीपीयूच्या मागची नेटवर्कची निळी वायर त्यानं पहिल्याच मिनिटाला ओढली असती तर एका मशीनवर भागलं असतं. मी आल्यावर त्याला विचारलं. "काही केलं नाही दादा, आपोआप झालं." मॉनिटरची हकीकत त्यानं मला दोन महिन्यांनी सांगितली, नोकरी सोडल्यावर, चहाच्या गाड्यावर.

त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला होता. ती बॅकअपची डिस्क ‘राहू दे लावलेली, सोपं पडेल’ असं कोण म्हणालं होतं, ते कुणी विचारलं नाही. मी म्हणालो होतो. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला, तेव्हाही तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. आणि गिऱ्हाईक कटकट करतं म्हणून अपडेट आपल्या हातानं बंद करून ठेवणारे आमच्या लाइनीत थोडे नव्हते. आमच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही.

(थोडं विषयांतर, नाहीतर राहून जाईल. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा जरूर करा, मीही माझ्या स्क्रू-ड्रायव्हरची करतो. पण झेंडूची माळ सीपीयूच्या मागच्या जाळीवर सोडू नका, तिथून गरम हवा बाहेर पडते. आणि अक्षता की-बोर्डावर नकोत. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ‘स्पेसबार दाबला जात नाही’ची निदान चार कामं असतात, प्रत्येकात खाली तांदळाचा दाणा. आणि चारही ठिकाणी ‘आपोआप’.)

लोक खरं सांगतात कधी, तेही मी बघितलंय. ऑगस्ट २०१९. कृष्णा शहरात शिरली, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर माझ्या दारात सीपीयूंची रांग लागली. अंगणात पापड वाळत घालावेत तसे मदरबोर्ड मांडले होते, एका कॅबिनेटमधून तर जिवंत गोगलगाय निघाली. त्या दिवसांत लोकांनी जी हकीकत सांगितली तशी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. "टेबलाच्या वर चार बोटं पाणी होतं, तीन दिवस. काल मी राहवेना म्हणून एकदा चालू करून बघितला, फट्ट झालं, चुकलं माझं." न विचारता! कोणी चालू केला होता, कोणी नुसता पुसून आणला, सगळं अगदी घटकापळांसह. त्यामुळे कुठली डिस्क मी स्वतः साफ करून बघायची आणि कुठल्या डिस्कला वीज न देता पुण्याला डेटावाल्यांकडे पाठवायची, हे मला दारातच ठरवता आलं. बऱ्याच जणांचा डेटा वाचला. कारण कोणाला कोणाची भीती नव्हती. कृष्णेला मेमो कोण देणार?

तेव्हा ऑफिस चालवणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. ‘कुणी केलं?’ हे आठ दिवसांनी विचारा हो, वाटलं तर. आधी ‘काय दिसलं?’ विचारा. एरर आली की ओके दाबायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायला सांगा, इंग्रजी वाचता नाही आलं तरी फोटो काढता येतो. पगारातून कापायची भाषा एकदा केली की ती भिंतीला ऐकू जाते, आणि पुढची पाच वर्षं तुमच्याकडे सगळं आपोआप होत राहतं.

आणि हो, त्या मॅडमना मी नंतर खरं सांगितलं. उशिरा, त्या बदलून दुसऱ्या शाखेत गेल्यावर. त्या शाखेचं काम माझ्याकडे नाही, तरी त्यांचा फोन येतो. परवा सकाळी आला.

"दादा, लॅपटॉपवर चहा सांडला. मीच सांडला. उलटा करून ठेवलाय, चार्जर काढलाय, चालू केलेला नाही."

मी विचारलं, "साखरेचा होता?"

"दोन चमचे. आणि आलं पण होतं."