"दोनच मॅच उरल्यात ना?"

2025 च्या मे महिन्यात, एका सोमवारी रात्री आयपीएलचं नवं वेळापत्रक आलं आणि झोपायचं सोडून मी लॅपटॉप उघडला. मुंबई इंडियन्सच्या मॅचच्या तारखांचा लॉक स्क्रीन वॉलपेपर, तिसऱ्यांदा! पंजाबची मॅच आधी 11 मेला धरमशाळेत, मग अहमदाबादला, आता 26 ला जयपूरला. भारत-पाक सीमेवर काय चाललं होतं ते कळतं हो, त्यापुढे मॅच कसली. माझी तक्रार आमच्या फॅमिली ग्रुपबद्दल आहे.

दीड वाजता फाइल टाकली. सकाळी पहिला रिप्लाय मावसभावाचा. "दोनच मॅच उरल्यात ना? लक्षात राहील की." पुढे ते दात काढणारं पिवळं तोंड. आभार नाहीत, छान नाही, लक्षात राहील की! अरे, मार्चमध्ये चौदाच्या चौदा बसवल्या तेव्हा काय म्हणालास? अक्षर बारीक आहे. मोठं केलं, तर चेन्नई घड्याळाखाली गेली. गेली तर गेली, आपली पहिली मॅच देवालाच असते, हरायचीच! तरी सगळं खाली सरकवलं, तर शेवटच्या ओळीतलं वानखेडे टॉर्चच्या बटणामागे. तुझ्या फोनचं घड्याळ अर्धा स्क्रीन खातं, त्याला मी काय करू?

वर मराठीतच हवं हा हट्ट. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं नीट जुळवणारं ते वर्ल्ड-रेडीचं सेटिंग विसरलं की 'एप्रिल'मधला प पाय मोडून एकीकडे, र भलतीकडे. पाऊण तास गेला त्या एका एप्रिलपायी.

आणि काका! 'एचडी दाबून पाठवा' म्हणून घसा कोरडा केला, तरी हे स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट पाठवणार, वर कोपऱ्यात बॅटरी सात टक्के. एका महाभागाने तर खाली स्वतःचा गॉगलवाला फोटो चिकटवून 'शुभेच्छुक' लिहिलं. लॉक स्क्रीन आहे की चौकातला फ्लेक्स? माझं नाव कुठेच नाही. नको होतंच म्हणा मला. पण नाही ते नाहीच.

एवढं सगळं मावसभावाला लिहून पाठवणार होतो, तेवढ्यात बायकोने विचारलं, "मुंबईची मॅच कधी रे आता?"

मी ऐटीत फोन तिच्यासमोर धरला.

"धरमशाळा?" ती म्हणाली.

माझ्या लॉक स्क्रीनवर अजून मार्चचाच होता.